ॲथॉल पेनफोल्ड यांच्या रायफलीला डोंगर दाखवण्याबाबत

जी वस्तू उत्तम चालते, तिच्यातच सुधारणेला सर्वाधिक वाव असतो. बिघडलेली वस्तू फार तर दुरुस्त होते. सुधारता येते ती फक्त चांगली वस्तू. हे तत्त्व जगात आणखी कुठे लेखी आहे की नाही, कल्पना नाही; पण केरेरू फ्लॅट रायफल क्लबाच्या एकतीस सभासदांपैकी सत्तावीस जण त्यावर जगतात. (उरलेल्या चौघांच्या घरी ठोकाठोकीचं शेड नाही.)

मी या क्लबाचा गेली एकोणीस वर्षं चिटणीस आहे. निवडणुकीच्या सभेला मी गैरहजर होतो, त्यामुळे माझी निवड एकमतानं झाली. सभासदांच्या शेडमध्ये 'जवळजवळ तयार' असलेल्या वस्तूंची यादी ठेवणं हे माझ्या कामांपैकी एक. सध्या या यादीत सहा ट्रॅक्टर, नऊ मोटारसायकली, एक ऑर्गन आणि एक होडी आहे. (होडी माझी आहे. तिची बाब वेगळी. ती खरोखरच जवळजवळ तयार आहे.)

आता मूळ विषय. ॲथॉल पेनफोल्ड हे आमच्या क्लबाचे पाच वेळचे विजेते. भिंतीवरच्या लाकडी फळीवर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत पाचदा आहे आणि रंगाऱ्यानं पाचही वेळा ते वेगवेगळं लिहिलं आहे. हा माणूस चव्वेचाळीस वर्षं दर शनिवारी चटईवर पालथा पडून तीनशे यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडत होता. आयुष्यात त्यानं जनावर म्हणून मारलं नाही. सशांनी त्याचा कोबी खाल्ला तेव्हाही तो सशांशी बोलला फक्त. त्याची रायफल निशाणबाजीची होती. लांब, जाड नळी, मांडीएवढा दस्ता, नेम धरायला बारीक भोकाची चकती, आणि एका वेळी एकच गोळी. वजन सहा किलो शंभर ग्रॅम. चटईवर ठेवली की हलायचं नाव नाही, आणि तिनं हलू नये हाच तिचा सद्गुण होता.

शेवटच्या आजारात ॲथॉलनं मुलाला, सेल्विनला, जवळ बोलावलं. सेल्विनचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त तामाती तिथंच खुर्चीवर बसला होता. म्हातारा म्हणाला, "मी तिला जन्मभर चटईवर लोळवली. एकदा तिला डोंगर दाखवा."

"दाखवतो," सेल्विन म्हणाला.

"याच एप्रिलात," तामाती म्हणाला.

"बरं," म्हातारा म्हणाला आणि गुरुवारी गेला.

आमच्याकडे 'बरं' हा शब्द जपून वापरतात. त्याच्यावर कौतुकाचा दुसरा शब्द नाही. सून, पाऊस, नवीन पूल, विश्वचषक, यांतल्या कशालाही आम्ही 'बरं आहे' याच्यापुढे काही म्हटल्याचं दफ्तरात नाही. तसंच, समोरच्याला 'तुला काय हवं' असं तोंडावर विचारणं आणि 'मला जमणार नाही' असं तोंडावर सांगणं, हे दोन्ही आमच्याकडे जेवताना दात कोरण्याच्या वर्गात मोडतं. या शिस्तीमुळे गावात गेल्या साठ वर्षांत भांडण झालेलं नाही. इतरही फारसं काही झालेलं नाही.

एप्रिल हा आमच्याकडे हरणांच्या डुरकण्याचा मोसम. जगाच्या या खालच्या टोकाला तेव्हा थंडी सुरू होते, लाल हरणांचे नर कड्यांवरून एकमेकांना आव्हानं देतात, आणि सेल्विन आणि तामाती पाठीवर सामान बांधून वरच्या खोपीला जातात. वयाच्या चोविसाव्या वर्षापासून त्यांचा हा नेम. चार तासांची चढण, वर पत्र्याची खोली, एक चूल, झोपायला दोन फळ्या. तिथं ते तीन दिवस राहतात आणि माझ्या अंदाजानं एकूण अकरा वाक्यं बोलतात. त्या वर्षी डॉक्टरनं तामातीचे गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, डोंगराचे दोन हंगाम शिल्लक आहेत, फार तर तीन. तामातीनं हे सेल्विनला सांगितलं नाही, मला सांगितलं. सेल्विननं मला विचारलं नाही. त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

नोव्हेंबरात सेल्विनच्या शेडमध्ये सभा झाली. हजर: सेल्विन, तामाती, मी आणि डन्स्टन. डन्स्टन रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, स्वतःचं लेथ यंत्र असलेला आणि सर्व मापं डोळ्यानं घेणारा गृहस्थ आहे. रायफल बाकावर ठेवली होती. तामाती म्हणाला, "जशी आहे तशी नेऊ. अर्धा रस्ता तू धर, अर्धा मी."

यावर कुणी काही बोललं नाही. अशी सूचना आली की सभ्य माणसं चहा ओततात. मी चहा ओतला.

"लेका, निशाणबाजीची रायफल आहे ती," शेवटी सेल्विन म्हणाला. "डोंगरात ती घेऊन जायचं म्हणजे इस्त्रीचं टेबल पाठीला बांधून जाण्यातला प्रकार. वर कुणी बघितलं तर?"

वरच्या खोपीत मागच्या बारा वर्षांत या दोघांखेरीज दोनच पुरुष आले होते, त्यातला एक रस्ता चुकलेला होता. तरी मुद्दा सर्वांना पटला. 'निशाणबाजीच्या रायफलीचं शिकारी रायफलीत रूपांतर करावं', असा ठराव झाला. नळी कापून आखूड करायची, दस्ता रंधून बारीक करायचा, भोकाची चकती काढून दुर्बीण बसवायची. लागणारा वेळ: तीन शनिवार-रविवार. (हे आमच्याकडचं अधिकृत एकक आहे. चिटणिसाच्या नोंदींनुसार एक शनिवार-रविवार म्हणजे सरासरी सात महिने.)

नळी डन्स्टननं कापली. डोळ्यानं मोजून कापली आणि बरी कापली, फक्त तोंड किंचित तिरकं झालं. नळीचं तोंड तिरकं असलं की बाहेर पडणारी गोळी त्या बाजूला ढकलली जाते. चाचणीत गोळी कागदाला लागली नाही, कागदाच्या खांबालाही लागली नाही. ती शेजारच्या कुरणातल्या पाण्याच्या टाकीला लागली, आणि ती टाकी डन्स्टनचीच होती, त्यामुळे चौकशी आवरली. सरळ करायला पुन्हा कापली. आता दुसऱ्या बाजूला तिरकी. तिसऱ्यांदा कापेपर्यंत पहिल्या वर्षीचा एप्रिल निघून गेला.

"होईल ठीक," तामाती म्हणाला. "पुढच्या वर्षी."

दरम्यान शस्त्र-परवान्याच्या बाई वार्षिक तपासणीला आल्या. रायफल एका कपाटात, तिचा बोल्ट (ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो सरकता दांडा) दुसऱ्या कपाटात, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या, हे पाहून त्यांनी सेल्विनचं कौतुक केलं. ("बरं आहे," त्या म्हणाल्या. ग्वेननं, म्हणजे सेल्विनच्या बायकोनं, त्या दिवशी केक केला.) जाताना त्यांनी नळीकडे पाहून फक्त एवढं सुचवलं, की अजून चार-पाच वेळा सरळ केलीत तर कायद्यानं हे पिस्तूल होईल आणि त्याचा अर्ज वेगळा असतो.

दुसऱ्या वर्षी दस्ता. तो अक्रोडाच्या लाकडाचा होता आणि ॲथॉलच्या गालानं जिथं चव्वेचाळीस वर्षं टेकण घेतलं, तिथं लाकूड गुळगुळीत होऊन किंचित खोलगट झालेलं होतं. सेल्विननं रंधा तिथपर्यंत आणला, थांबला, बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे घालून आला आणि मग ती जागा सोडून बाकी सगळं रंधलं. त्यामुळे दस्ता सगळीकडे बारीक आणि एका ठिकाणी जाड झाला, गिळलेलं अंडं अजून न पचलेल्या सापासारखा. जवसाच्या तेलाचे चौदा हात दिले. प्रत्येक हात वाळायला दोन आठवडे लागतात. तेराव्या हाताला डोंगरावर नर डुरकायला लागले. शेडच्या उघड्या दारातून ते स्पष्ट ऐकू यायचे. सेल्विन मान वर करायचा, ऐकायचा, आणि परत बोळा तेलात बुडवायचा.

तामाती त्या वर्षी शेडच्या तीन पायऱ्या कठड्याला धरून चढला.

तिसऱ्या वर्षी प्रगती झाली. वजन तीन किलो चारशेवर आलं. त्या आनंदात सेल्विननं मैदानावर पहिली गोळी झाडली आणि रायफलीनं त्याला मागे बसवलं. हलकी रायफल जोरात लाथ मारते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. पण शेड सेल्विनचं असल्यामुळे कुणी बोललं नव्हतं. आठवडाभर तो डाव्या हातानं जेवत होता. उपाय सरळ होता. दस्त्याच्या बुडाला भोक पाडून त्यात शिसं भरायचं. भरलं. आता बूड जड झालं, तोंड वर जायला लागलं. मग पुढे शिसं. पुढचा भार पेलवेना म्हणून नळीखाली दोन घडीचे पाय. पाय बसवायला कडी हवी, ती कुंपणाच्या तारेची केली. कुंपणाच्या तारेनं होत नाही असं काम आमच्या बेटावर अजून निघालेलं नाही.

चौथ्या वर्षी दुर्बिणीनं दगा दिला. दमट हवेत तिच्यात आतून धुकं धरायचं आणि समोर हरीण असो की मेंढी, सगळं दुधात पडल्यासारखं दिसायचं. पर्यायांचा विचार झाला. सर्व बाबी तपासून सेल्विन कपाटाकडे गेला आणि त्यानं बापाची जुनी भोकाची चकती काढून परत जागेवर बसवली. धुकं भरणारी दुर्बीण तशीच शेजारी राहू दिली, कारण काढली तर तिच्या स्क्रूची भोकं उघडी पडली असती. मग त्यांनी ग्वेनच्या लोकर तोलायच्या काट्यावर रायफल ठेवली.

सहा किलो तीनशे.

डन्स्टननं काटा तपासला. काटा बरोबर होता. मग त्यांनी मैदानावर चटई टाकली, सेल्विन पालथा पडला, रायफल तिच्या दोन पायांवर टेकवली आणि दहा गोळ्या झाडल्या. नऊ मधोमध लागल्या. दहावी पण लागली असती, पण तेवढ्यात डन्स्टन म्हणाला, "बरी आहे," आणि सेल्विनचा हात हलला.

वार्षिक सभेत अभिनंदनाचा ठराव झाला. ठरावात मी असं नोंदवलं, की चार वर्षांच्या अथक परिश्रमांनी सभासद पेनफोल्ड यांनी निशाणबाजीच्या एका रायफलीचं यशस्वी रूपांतर करून त्यातून निशाणबाजीची रायफल तयार केली आहे, आणि तिला शनिवारच्या स्पर्धेत प्रवेश देण्यास क्लबाची हरकत नाही. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. सेल्विननंही टाळ्या वाजवल्या.

मग पाचव्या वर्षीचा एप्रिल आला. बुधवार होता, दुपारची वेळ. तामाती काठी टेकत आला. शेडच्या पायऱ्या चढायच्या भानगडीत न पडता बाहेरच उलट्या खोक्यावर बसला. आत मी यादी घेऊन बसलो होतो आणि सेल्विन दस्त्यावर पॉलिश पेपर घासत होता. वर कड्यावर एक नर डुरकला, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं.

"एवढा एक हात झाला की झालं," सेल्विन आतून म्हणाला. "शनिवारी निघू. जड आहे जरा, पण आलटून पालटून नेऊ."

"सेल," तामाती म्हणाला, "माझ्यानं नाही रे होणार आता वर यायचं."

पॉलिश पेपरचा आवाज थांबला.

"गेल्या वर्षीही नसतं झालं," तामाती म्हणाला. "त्याच्या आदल्या वर्षी कसंबसं झालं असतं. तू एवढं मन लावून घासत होतास, म्हणून म्हटलं नाही."

सेल्विननं परत घासायला सुरुवात केली. त्याच जागी, बराच वेळ. मला फार वाईट वाटलं. हे इतिवृत्तात घालता येत नाही म्हणून इथं घालतो.

ग्वेन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभी राहून हे ऐकत होती. तिनं अंडी खाली ठेवली, गाडीची किल्ली आणली आणि म्हणाली, "बसा. सगळे. ती पण घ्या."

तिच्याशी वाद घालायचा नसतो. तामाती पुढं बसला. मागं सेल्विन आणि मी, आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी रायफल. ग्वेननं जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यानं गाडी घातली आणि रस्ता संपला तिथं थांबवली. घरापासून बरोबर बावीस मिनिटं लागली. समोर दरी, दरीपलीकडे अख्खा डोंगर, आणि वरच्या धारेमागं ती खोपी, जी तिथून दिसत नाही पण तिथं आहे हे दोघांना माहीत होतं.

आम्ही उतरलो. आणि मग झाडीतून नर बाहेर आला. ऐंशी पावलांवर. बारा टोकांची शिंगं, मानेवर चिखल, तोंडातून वाफ. आमच्याकडे आडवा उभा राहिला, जणू त्याला फोटोसाठी सांगितलं होतं.

सेल्विन हळूच खाली बसला, मग पालथा झाला. दोन घडीचे पाय उघडले. खिशातून गोळी काढली. मग हात बोल्टकडे नेला आणि तसाच राहिला.

बोल्ट घरी होता. दुसऱ्या कपाटात. वेगळ्या किल्लीत.

नरानं आमच्याकडे पाहिलं, एकदा डुरकला आणि सावकाश निघून गेला.

"बरा होता," तामाती म्हणाला.

सेल्विन उठला, गुडघ्यावरची माती झटकली. मग त्यानं रायफल दोन्ही हातांनी उभी धरली, तोंड आभाळाकडे, बाळाला खिडकीशी धरावं तशी, आणि हळू आवाजात म्हणाला, "ती बघ. ती मोठी धार. तिच्या मागं खोपी. डावीकडे घसरण दिसते ना, तिथं तामाती एकदा पडला होता."

"ढकललंस तू," तामाती म्हणाला.

"पडला होता," सेल्विन रायफलीला म्हणाला.

मग तामातीनं काठी गाडीला टेकवली. "तुझा बाप एवढंच म्हणाला होता, सेल. दाखवा म्हणाला होता. मारा कुठं म्हणाला होता? मी तिथंच होतो."

"मीही होतो," सेल्विन म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो की. जशी आहे तशी नेऊ, म्हणालो. तुम्ही चहा ओतलात."

चहा मी ओतला होता. मी डोंगराकडे पाहत राहिलो.

आम्ही गाडीतून परत निघालो. मग सेल्विनच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो मी एकोणीस वर्षं ओळखतो. "ती आपली जुनी चारचाकी आहे ना, शेतावरची, चार चाकांची मोटारसायकल," तो म्हणाला. "तिच्या मागं एक खुर्ची बसवली, जरा स्प्रिंगची, पाय ठेवायला फळी, तर तामाती खोपीपर्यंत येईल. जास्त नाही, तीन शनिवार-रविवारांचं काम."

ग्वेननं गाडी रस्त्याच्या मध्यात थांबवली. आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "ती चारचाकी घेऊन मी आठवड्यातून दोनदा मेंढ्यांना औषध पाजायला वर जाते. खोपीच्या दारापर्यंत. मागं दोन पोती असतात, त्यावर कुत्रा बसतो. कुत्र्याची तक्रार नाही."

(इथं नोंदवलं पाहिजे की वरच्या खोपीला चाकावरून जाणं आमच्या पुरुषांत कमीपणाचं समजतात. बायका आणि मेंढ्या जातात.)

सेल्विननं खिडकीबाहेर पाहिलं. गाडी उभीच होती. ग्वेनला घाई नव्हती.

"किंवा," सेल्विन म्हणाला, "जशी आहे तशी नेऊ."

"रविवारी?" तामातीनं विचारलं. तो पुढं बघत होता, पण त्याचा हात काठीवर घट्ट झालेला मला दिसला.

"रविवारी."

"बरं," तामाती म्हणाला, आणि ग्वेननं गाडी सुरू केली.

हे मी शनिवारी संध्याकाळी लिहितो आहे. उद्या सकाळी सातला ते निघतील. पोत्यावर तामाती, पुढं ग्वेन, मागून चालत सेल्विन, आणि रायफल या वेळी बोल्टसकट. सेल्विननं मलाही बोलावलंय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. मी त्याला कळवलं, की होडीच्या तळाला रंगाचा शेवटचा हात चालू आहे, एवढा वाळला की येतोच.

क्लबाचं सभासदत्व कसं मिळतं, असं काही वाचक विचारतील. रायफल लागत नाही, शेडही लागत नाही. एकच अट आहे. तुम्ही कुणाला तरी 'एवढं आटपलं की निघूच' असं सांगितलेलं असावं, आणि ते माणूस 'होईल ठीक' म्हणून अजून गप्प बसलेलं असावं. अर्ज पाठवू नये. तुमचं नाव यादीत घातलेलं आहे. ते कुणी सुचवलं, हे तुम्हाला माहीत आहे.